पासष्ट किलोंचा पुरुषोत्तम

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. हिशेबखात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि आता मेंटेनन्सच्या पावत्यांखेरीज तपासायला काही उरलं नाही म्हणून स्वतःच्या पोटाचं ऑडिट करणारे. बिस्किटाचा पुडा असो की गोळ्यांची बाटली, हातात आली की ते ती आधी उलटी करतात. मागे मुंगीनं गिरवल्यासारख्या अक्षरांत एक तक्ता असतो आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात 'आरडीए'चे टक्के. काका भिंग लावून तो रकाना वहीत उतरवून घेतात. लोह अमुक टक्के, कॅल्शियम तमुक टक्के, रात्री बेरीज. शंभर भरले नाहीत तर ताळेबंद जुळला नाही म्हणून झोप लागत नाही. काकूंच्या मते झोप लागत नाही ती दुपारी दोन तास घोरल्यामुळे, पण वहीत घोरण्याचा रकाना नाही.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत काकांनी सहीशिवाय एक व्हाउचर पास केलं नाही. हा शंभर टक्क्यांचा आकडा मात्र त्यांनी डोळे झाकून पास केला आहे. शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के, हे त्यांनी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर त्यांची एका गृहस्थाशी ओळख झाली असती. या कोष्टकांच्या मुळाशी एक 'संदर्भ पुरुष' असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे त्याचं वजन ६५ किलो आणि वय १९ ते ३९. आजार नाही, दुखणं नाही. आंतरराष्ट्रीय अहवालांनी त्याचा दिनक्रमही आखून दिलेला आहे: आठ तास मध्यम कष्टाचं काम, आठ तास अंथरुणात, चार ते सहा तास बसणं किंवा जरासं इकडेतिकडे करणं, आणि दोन तास चालणं, खेळणं नाहीतर घरातली कामं. या दिवसात कल्याण ते सीएसएमटी कुठेही येत नाही. शाळेतल्या 'आदर्श दिनचर्या' या निबंधातून उठून आलेला हा पुरुषोत्तम २०१०च्या अहवालात ६० किलोंचा होता. दहा वर्षांत पाच किलोंनी वाढला तर तो देशाचा नवा मापदंड ठरला. काका तेवढेच वाढले तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या.

त्याला जोडीदारीणही आहे. 'संदर्भ स्त्री' ५५ किलोंची; गरोदर नाही, अंगावर पाजणारी नाही, आणि आठ तास घरकाम किंवा हलकं कारखानी काम करणारी. नवव्या तासाला कुकर कोण लावतं, यावर अहवाल मौन पाळतात.

माणसाला किती खायला लागतं हे ठरवण्याची सरकारी खटपट सुरू झाली ती मात्र पुरुषोत्तमासाठी नव्हे, उपाशी माणसांसाठी. १८६२ साली अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्याच टंचाईनं मुंबईच्या कापूस दलालांच्या घरी सोन्याचा पाऊस पडला. तिकडे विणकरांच्या चुली थंडावल्या. कामगार उपासमारीच्या रोगांनी आजारी पडू नयेत इतपत खाणं कमीत कमी पैशांत कसं बसवता येईल, हे पाहायला एडवर्ड स्मिथ नावाच्या डॉक्टरांना पाठवलं गेलं. त्यांचं उत्तर आलं: पुरुषाला रोज ४३०० ग्रेन कर्ब आणि २०० ग्रेन नत्र, बाईला ३९०० आणि १८०. पाव, बटाटा, बेकन असले शब्दही त्या आकड्यात नव्हते. जेवणाचं पान वाढण्याआधी रसायनशाळेत पाठवण्याची प्रथा तेव्हापासूनची.

पुढे म्युनिकच्या कार्ल व्हॉइट यांनी अधिक सोपा मार्ग काढला. धडधाकट मजूर काय खातात ते पाहायचं आणि तेवढं लागतं असं लिहायचं. मजुराला रोज ११८ ग्रॅम प्रथिनं लागतात, हा त्यांचा आकडा बरीच वर्षं वेदवाक्य होऊन बसला. याच न्यायानं पाहणी एखाद्या बारशाच्या पंगतीत केली असती, तर माणसाला रोज सहा लाडू लागतात हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठातल्या रसेल चिटेंडन यांना ही शंका आली. त्यांनी आधी स्वतःवर, मग सहकाऱ्यांवर, सैनिकांवर आणि खेळाडूंवर प्रयोग करून पाहिला. निम्म्या प्रथिनांवर सगळे ठणठणीत राहिले. चिटेंडन स्वतः मात्र ६५ किलोंवरून सत्तावन्नच्या आसपास आले, म्हणजे पुरुषोत्तमाच्या वजनापासून सुरुवात करून त्याच्या बायकोच्या वजनाजवळ पोचले. आज आपल्या ६५ किलोंच्या संदर्भ पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिनं नेमून दिलेली आहेत. व्हॉइटच्या मजुराच्या निम्म्याहूनही कमी.

'आरडीए' हे नाव आलं अमेरिकेतून, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. सैन्यभरतीला आलेले पुष्कळ तरुण कुपोषणापायी नापास होऊ लागले, तेव्हा लिडिया रॉबर्ट्स या आहारतज्ज्ञ बाईंच्या समितीवर कोष्टक बनवण्याचं काम आलं. जाणकारांची मतं मागवली गेली आणि साहजिकच ती एकमेकांशी जुळेनात. शेवटी मे १९४१मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जे मांडलं गेलं त्याला समितीनं 'गरज' म्हटलं नाही आणि 'प्रमाण'ही म्हटलं नाही. शब्द निवडला तो 'अलाउन्स'. म्हणजे भत्ता. शिफारस केलेला आहारभत्ता. गरजेपेक्षा थोडा सढळ, आणि पुढे बदलता येईल असा. हा शब्द मराठीत आधीच उतरला असता तर काकांचे डोळे तेव्हाच उघडले असते. भत्ता समिती ठरवते, तो मूळ पगार नव्हे, आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

सुधारणा कशी होते ते क जीवनसत्त्वाकडे पाहून कळतं. अमेरिकेत पुरुषाचा हा भत्ता आधी ७५ मिलिग्रॅम होता. १९६८मध्ये तो ६० झाला, १९७४मध्ये ४५, १९८०मध्ये पुन्हा ६०, आणि २०००मध्ये ९०. शेअर बाजाराचा आलेख वाटावा असा हा प्रवास चालू असताना अमेरिकन माणसाची आतडी जशीच्या तशी होती. ब्रिटन बरीच वर्षं ३०वर समाधानी होता, मग ४०वर आला. आपणही ४०वर होतो, २०२०मध्ये ८०वर गेलो.

ब्रिटनच्या तिसामागची कथा शेफिल्डची आहे. युद्ध चालू होतं आणि काही तरुणांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून बंदूक हाती घ्यायला नकार दिला होता. बंदूक नको तर मग स्कर्व्ही चालेल का, असं त्यांना विचारलं गेलं, आणि ते हो म्हणाले. १९४४मध्ये वीस स्वयंसेवक जमले. दहा जणांना क जीवनसत्त्व अजिबात नाही, सात जणांना रोज १० मिलिग्रॅम, तिघांना ७०. पहिल्या दहांना कित्येक महिने काहीच झालं नाही. मग केसांच्या मुळाशी रक्त साकळू लागलं, हिरड्या सुजल्या. जखमा भरतात की नाही हे पाहायला त्यांच्या मांड्यांवर मुद्दाम छेद घेतले गेले आणि भरलेला व्रण किती ताण सोसतो हेही मोजलं गेलं. बंदूक चालवली असती तर निदान जखम समोरच्याला झाली असती. प्रयोगाची सूत्रं पुढे हान्स क्रेब्स यांच्याकडे होती. सविस्तर अहवाल १९५३मध्ये छापला गेला, आणि त्याच वर्षी क्रेब्सना नोबेल मिळालं, अर्थात अगदी वेगळ्या कामासाठी.

निष्कर्ष असा निघाला की १० मिलिग्रॅमवाल्या सातांना काहीही झालं नाही, आणि शून्यवाले दहा मिलिग्रॅमवर बरेही झाले. दहा मिलिग्रॅम म्हणजे पेरूचा एक लहानसा घास. ब्रिटिशांनी त्याला तिनानं गुणलं आणि ३० लिहिले. अमेरिकनांनी २०००मध्ये प्रश्नच वेगळा विचारला. स्कर्व्ही होऊ नये म्हणून किती, हे त्यांनी विचारलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्वानं जवळजवळ भरतील आणि लघवीवाटे फारसं वाहून जाणार नाही, ती रेघ कुठे, असं विचारलं. उत्तर ९० आलं. घागर रिकामी राहू नये म्हणून किती पाणी आणि घागर काठोकाठ भरायला किती पाणी, या दोन प्रश्नांना एकच उत्तर येणार नाही, हे नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या कुठल्याही गावात सांगावं लागत नाही. बकरीला तर प्रश्नच पडत नाही. ती आपलं क जीवनसत्त्व यकृतात स्वतः बनवते. माणूस आणि गिनीपिग यांच्याकडून ती कला कधीकाळी निसटली, आणि समित्यांना कायमचा रोजगार मिळाला.

हे मोजायचं कसं? पद्धत काकांना आवडेल अशीच आहे: जमाखर्च. माणसाला आठवडेच्या आठवडे एका वॉर्डात ठेवायचं, तोंडात जाणारा प्रत्येक घास तोलायचा, आणि शरीरातून बाहेर पडणारं सगळं, खरोखर सगळं, बाटल्या आणि डब्यांतून जपून ठेवायचं. काटेकोर अभ्यासांत घामाचा, केसांचा, नखांचाही हिशेब धरतात. जमा आणि नावे या बाजू जिथे जुळतील तिथे गरज. काकांच्या वहीत फक्त जमेची बाजू आहे. दुसरी बाजू ठेवायचा विचार त्यांनी एकदा बोलून दाखवला होता, पण काकूंनी बाटल्या द्यायला साफ नकार दिला. शास्त्रज्ञांचाही हिशेब पुरता जुळत नाहीच. ताटाला चिकटलेलं अन्न खाल्लं म्हणून लिहिलं जातं आणि घामाचे काही थेंब निसटतात, त्यामुळे वहीतली शिल्लक नेहमी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीशी याचं जवळचं नातं आहे. तान्ह्या बाळांना वॉर्डात कोंडता येत नाही. त्यांचं वजन दूध पाजण्याआधी आणि पाजल्यावर करतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत बाळ सरासरी ७८० मिलिलिटर दूध पितं हे धरून निरोगी आईच्या दुधात जे असतं तेच बाळाला पुरेसं मानतात. सगळ्या कोष्टकात एवढ्या एकाच रकान्यात समितीनं आईवर विश्वास टाकला आहे.

लोहाचा हिशेब तर थेट आपल्या घरचा वाटतो. पुरुषाच्या शरीरातून दर किलोमागे रोज सुमारे १४ मायक्रोग्रॅम लोह जातं. पासष्ट किलोंना ०.९ मिलिग्रॅम. एवढंच भरून काढायचं, तर शिफारस १९ मिलिग्रॅमची कशाला? मुख्य कारण हे की भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर चहा अशा आपल्या जेवणातल्या लोहापैकी शरीर साधारण आठ टक्केच आत घेतं असं समितीनं धरलं आहे. सरकारी योजनेच्या रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात, असं राजीव गांधी एकदा म्हणाले होते. लोहाला तेवढंही जमत नाही. शंभरातले ब्याण्णव मधल्या मध्ये अडतात, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर मध्यस्थ आणखी वाढतात. अमेरिकन पुरुषाला मात्र ८ मिलिग्रॅमच पुरतात, कारण त्याच्या ताटातलं अठरा टक्के आत जातं असं तिथली समिती धरते. आपल्या २०२०च्या अहवालात एक मौज आहे. साध्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम, आणि गरोदर स्त्रीला २७. दोन जिवांना एका जिवापेक्षा कमी! कारण कागदावर पक्कं आहे: पाळीतून जाणारं लोह वाचतं आणि आतडंही जास्त शोषू लागतं. पण हे कारण सांगेपर्यंत सासूबाईंनी सुनेच्या पानात अळिवाचा दुसरा लाडू वाढलेला असतो, आणि सरकारी मोहिमेतून तिला रोज ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या १८० दिवस मिळतात त्या वेगळ्याच.

आता इतकी मोजमापं करून हाती येते ती सरासरी. सरासरी लिहून दिली तर निम्म्या लोकांना कमी पडणार. इथे समिती लग्नातल्या आचाऱ्याच्या भूमिकेत शिरते. पंगत बसली आहे, कोण किती खाणार कोणालाच ठाऊक नाही, आणि प्रत्येक पानावर जिलब्या एकदाच वाढायच्या आहेत. पाहुणे सरासरी चार खातात. चार वाढल्या तर अर्धी पंगत हात राखून जेवेल. म्हणून हुशार आचारी सरासरीत फरकाची दुप्पट भर घालून वाढतो. संख्याशास्त्रात त्या फरकाला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरी अधिक दोन विचलनं, म्हणजे शंभरांतल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांचं भागतं. उरलेले दोघे-तिघे म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा. त्यांचं भागवणं शास्त्राच्या कक्षेबाहेर आहे. विचलन किती हे बऱ्याच जीवनसत्त्वांच्या बाबतीत नीटसं माहीत नसतं. मग ते दहा टक्के धरायचं असा प्रघात आहे, आणि भत्ता सरासरीच्या १.२ पट होतो. कॅलरींना मात्र ही सढळ वाढणी नाही. तिथे सरासरीवरच थांबतात, कारण जास्तीचं क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं आणि जास्तीची कॅलरी कमरेला मुक्कामाला राहते.

थोडक्यात, काकांच्या वहीतले शंभर टक्के हे अठ्ठ्याण्णवाव्या पाहुण्याचं पान आहे. काका कदाचित तीन जिलब्यांचे धनी असतील. आठ वाढल्या आहेत आणि पाचच संपल्या म्हणून ते रात्रभर कूस बदलत आहेत.

या 'अधिक दोन'चं 'वजा दोन' करण्याचा प्रयत्न कोणी करावा? अर्थातच पुण्यानं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देईल तेवढा खर्च ज्याला जमत नाही तो गरीब, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यानुसार १९६०-६१च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये ही रेघ येत होती. सुमारे चाळीस टक्के ग्रामीण जनता रेघेखाली होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग दोन दशकं सांभाळून पुण्यात आले होते. त्यांनी हरकत घेतली. माणसामाणसांत फरक असतो हे सगळेच म्हणतात. सुखात्मे म्हणाले, एकाच माणसातही तो असतो. तोच पाहुणा आज दोन जिलब्या खाईल, उद्या सहा, आणि शरीर त्याप्रमाणे आपला खर्च आवरतं-पसरतं. मग सरासरीखाली जो दिसला तो उपाशी कसा म्हणायचा? उपाशी ठरवायचं तर सरासरीतून दोन विचलनं वजा करून मग रेघ मारा.

दांडेकर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. शिवाय दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले, त्यामुळे एका सरासरीवर दोघांचं समाधान होण्याचा संभवच नव्हता. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांतून वर्षानुवर्षं वाद रंगला. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनीही सुखात्म्यांच्या मताला कडाडून विरोध केला: कमी खाण्याशी जुळवून घेणं आणि निरोगी असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. एका वजाबाकीच्या चिन्हानं कोट्यवधी माणसं उपाशांच्या यादीतून उठून पोटभर जेवलेल्यांच्या यादीत जाऊन बसणार होती, आणि त्यांच्या चुलीवर रात्री काय शिजलं याची त्या चिन्हाला खबरही नसणार होती. वाढप्याला सरासरीच्या वर उभं राहावं लागतं, आणि उपाशी मोजणाऱ्यानं नेमकं कुठे उभं राहायचं यावर पुण्यातल्या दोन जाणत्या माणसांचं शेवटपर्यंत जमलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हा वाद छापायला जागा नसते.

आपल्या देशातले हे आकडे ठरवणारी प्रयोगशाळा १९१८मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी एका खोलीत थाटली. भारतीयांसाठी पहिलं कोष्टक १९४४मध्ये आलं. पुढे वि. ना. पटवर्धन संचालक असताना प्रयोगशाळा निलगिरीची थंड हवा सोडून हैदराबादला आली, आणि कोष्टक वेळोवेळी सुधारत राहिलं. प्रौढाचा कॅल्शियमचा भत्ता बराच काळ ४०० मिलिग्रॅम होता, २०१०मध्ये ६०० झाला, २०२०मध्ये १०००. काकांनी हे वाचलं तेव्हा त्यांच्यातला सरकारी कर्मचारी जागा झाला. वेतन आयोगानं पगार वाढवला की मागची थकबाकी मिळते. चारशेच्या दरानं घडलेल्या हाडांची साठ वर्षांची थकबाकी कोण देणार? चालू हप्त्याचीच मारामार होती. हजार मिलिग्रॅम म्हणजे सव्वाआठशे मिलिलिटर दूध, किंवा पावणेतीनशे ग्रॅम नाचणी. काकांनी चार दिवस दोन्ही वेळा नाचणीची भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी आतड्यांनी संप पुकारला.

मग ड जीवनसत्त्व आलं. हल्ली लिफ्टमध्ये कोणी हवापाणी विचारत नाही, 'तुमचं डी किती?' असं विचारतात. बारा आहे असं सांगणाऱ्याला मुलाला बारावीला कमी मार्क पडल्यासारखी सहानुभूती मिळते. अमेरिकन समितीनं २०१०मध्ये रोजचा आकडा ६०० युनिट ठरवला, आपणही तोच घेतला. २०१४मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की समितीनं निरनिराळ्या अभ्यासांच्या सरासऱ्यांमधला फरक हाच माणसामाणसांतला फरक धरला. प्रत्येक पंगतीची सरासरी पाहिली, पण पानावरचा माणूस पाहिला नाही. त्यांचा हिशेब ८८९५ युनिटवर गेला. ८९०० नाही, ८८९५. समितीनं रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४००० ठेवलेली असल्यामुळे ही शिफारस मर्यादेच्या दुपटीच्याही पुढे गेली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. केमिस्टकडे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पुडी मिळते, आणि ती दुधातून घेताना काका उन्हाकडे पाठ करून बसतात, डोळे दिपू नयेत म्हणून.

परवा नाश्त्याला काकूंनी पेरू कापला. मीठ-तिखट लावून एक फोड काकांच्या बशीत ठेवली. काकांनी भिंग बाजूला ठेवून विचारलं,

"अगं, ही फोड किती ग्रॅमची?"

"पेरूची," काकू म्हणाल्या.

काकांनी वजनकाटा आणला. चाळीस ग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, म्हणजे ८०चा भत्ता या एका फोडीत पुरा. त्यांनी वहीत शंभर टक्के लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ वाजले होते. बशीत अजून तीन फोडी होत्या.

"त्या कोणाच्या खात्यावर टाकू?" त्यांनी विचारलं. काकू तोवर दुसरी फोड खात होत्या.